खांद्यावरचं वस्त्र

26 जुलै 1859 रोजी त्रावणकोर संस्थानात एक राजाज्ञा निघाली. नाडार जातीच्या बायकांनी ख्रिस्ती नाडार बायकांसारखी बंडी घातली, कोळणींसारखं जाडंभरडं कापड अंगाभोवती गुंडाळलं किंवा आणखी कुठल्या रीतीने छाती झाकली, तर सरकारची त्याला हरकत नाही. फक्त वरच्या जातींच्या बायका वस्त्र घेतात तसं त्यांनी घेऊ नये, असा तिचा आशय होता. एवढीशी परवानगी मिळायला चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात भरबाजारात बायकांच्या अंगावरची वस्त्रं ओढली गेली, प्रार्थनामंदिरं आणि शाळा जाळल्या गेल्या, माणसं तुरुंगात गेली. मल्याळम मुलखात या घटनांना ‘चान्नार लहळ’ म्हणतात आणि तमिळमध्ये ‘तोळ् शीलै’चा, म्हणजे खांद्यावरच्या वस्त्राचा, संघर्ष.

ही हकीकत बहुधा दोन प्रकारे सांगितली जाते. एकात मिशनरी येतात आणि दीनदुबळ्यांना उचलून धरतात. दुसऱ्यात मिशनरी येतात आणि परक्या सत्तेच्या जोरावर समाज फोडतात. कागदपत्रं नीट वाचली की दोन्ही सांगण्यांतून मुख्य पात्रंच गळाल्याचं लक्षात येतं. ती पात्रं म्हणजे ताडाचा रस उकळून गूळ करणाऱ्या, बाजारहाट करणाऱ्या नाडार बायका. मिशनने त्यांना जेवढं दिलं, त्याच्या पुढचं पाऊल त्यांनी स्वतः टाकलं आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

दक्षिण त्रावणकोर म्हणजे आजच्या तमिळनाडूतला कन्याकुमारी जिल्हा आणि त्याला लागून असलेला केरळचा दक्षिण भाग. घाटाच्या पायथ्याशी भातखाचरं, समुद्राकडे ताडांची रानं. नाडारांना तेव्हा शानार किंवा चान्नार म्हणत. पुरुष पहाटेपासून तीस-तीस, चाळीस-चाळीस ताडांवर चढून रस उतरवत आणि बायका तो चुलीवर आटवत. ताडावर कर होता, डोईपट्टी होती आणि सगळ्यांवर कडी म्हणजे वेठ होती. सरकारी अधिकाऱ्याने किंवा देवस्थानाने बोलावलं की हातातलं काम टाकून जायचं, ओझी वाहायची, मजुरी मागायची नाही.

त्यावर निषेधांची एक लांबलचक यादी. छत्री धरायची नाही, पायांत वहाण घालायची नाही, सोन्याचा दागिना नाही, घराला माडी नाही. बायकांनी पाण्याची घागर कमरेवर घ्यायची नाही. वरच्या जातीच्या माणसाशी बोलताना स्वतःला दास म्हणायचं. सॅम्युएल मटीर हे लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी बरीच वर्षं त्रावणकोरात राहिले. कोणत्या जातीने किती अंतर राखायचं, तेही त्यांनी पावलांत नोंदवून ठेवलं आहे: नाडाराने नंबुद्री ब्राह्मणापासून 36 पावलं लांब राहायचं आणि वरच्या जातीच्या नायरापासून 12.

वस्त्राचा निषेध याच यादीतला. त्या उष्ण, दमट किनाऱ्यावर स्त्रीपुरुष दोघांचाही पोशाख मुळात मोजकाच होता आणि उघड्या अंगात आपोआप काही लाजिरवाणं मानलं जात नसे. पण वरिष्ठासमोर छाती उघडी करणं ही आदराची खूण होती. नायर स्त्री नंबुद्रीसमोर खांद्यावरचं वस्त्र उतरवी, तर नाडार स्त्रीला ते कुणासमोरच घेण्याची मुभा नव्हती, कारण तिच्यासाठी जवळजवळ सगळेच वरिष्ठ होते. उघडी छाती हे तिच्या अंगावर कायमचं लिहिलेलं जातीचं नाव होतं. (चेरथळाच्या नंगेलीची स्तनकराची गोष्ट मराठी वाचकांपर्यंत समाजमाध्यमांतून पोचली आहे. ती लोकपरंपरेतून आलेली आहे. इथे सांगतो आहे तो प्रसंग वेगळा, आणि त्याला दरबारी आज्ञा, अर्ज, पत्रव्यवहार यांचा आधार आहे.)

बदलाची सुरुवात ज्या माणसापासून झाली तो नाडारही नव्हता. मयिलाडी गावचा महारासन हा सांबवर, म्हणजे त्या काळच्या भाषेत परैयर. तो भाविक होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो चिदंबरमच्या यात्रेला निघाला आणि त्या प्रवासात तंजावरला पोचला. तंजावरवर तेव्हा मराठ्यांचं राज्य होतं. दुसरे सरफोजी भोसले गादीवर होते, आणि या राजाला लहानपणी शिकवणाऱ्या श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याने तिथे ख्रिस्ती मंडळी वाढवलेली होती. महारासनने तिथली उपासना पाहिली, ख्रिस्ती शिकवण ऐकली आणि बाप्तिस्मा घेतला. गावी परतला तो वेदमाणिक्कम हे नाव घेऊन. लवकरच आपल्या माणसांसाठी उपदेशक मिळावा म्हणून तो खटपट करू लागला.

त्याच्या खटपटीतून 1806 साली विल्यम टोबियस रिंगलटाउबे हा प्रशियन मिशनरी त्रावणकोरात आला. मयिलाडीला 1809 मध्ये पहिलं ख्रिस्ती देऊळ उभं राहिलं. रिंगलटाउबे एकटा राही, मिळेल ते लोकांत वाटून टाकी. 1816 मध्ये प्रकृती खालावल्यावर तो निघून गेला आणि पुढे त्याचा ठावठिकाणा लागला नाही. आपल्याकडे येणाऱ्या नाडारांबद्दल तो भाबडा नव्हता. यातले पुष्कळजण कर आणि वेठ यांतून सुटका होईल या आशेने येतात, हे तो लिहून गेला आहे.

धर्मांतरामागे ऐहिक हेतू होता, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. मला तो आक्षेप माणसाच्या आयुष्याला न्याय देणारा वाटत नाही. ज्याला कुणीही, कधीही, फुकट राबवू शकतो, अशा माणसाला वेठीतून सुटका हवी असणं म्हणजे आपण कुणाची तरी वस्तू नाही हे त्याला ऐकायचं असणं. देवाने सगळी माणसं आपल्या प्रतिरूपात घडवली, हे वचन त्याने देवळात ऐकलं तेव्हा पोट आणि आत्मा असे दोन कप्पे त्याच्या मनात नव्हते.

कर्नल जॉन मन्रो हा ब्रिटिश रेसिडेंट काही वर्षं त्रावणकोरचा दिवाणही होता. त्याच्या काळात ख्रिस्ती झालेल्यांना रविवारी वेठीतून सूट मिळाली आणि देवस्थानांशी निगडित कामांतूनही मोकळीक मिळाली. आठवड्यातला एक दिवस आपला, त्या दिवशी सरकारी प्यादा दाराशी आला तरी नाही म्हणता येतं, हे त्या समाजाने त्याआधी कधी अनुभवलेलं नव्हतं. नाडार कुटुंबं एकेका गावातून मिळून मंडळीत येऊ लागली, त्यात या रविवारचा मोठा वाटा असावा, असं मला वाटतं. त्या दिवशी स्वच्छ धुतलेलं वस्त्र नेसून देवळात जायचं, जमिनीवर सगळ्यांबरोबर बसायचं, प्रभुभोजनात भाग घ्यायचा. नावही नवं मिळे. त्या नावाने हाक मारणारा माणूस अंतर मोजत नसे.

1814 साली आणखी एक आज्ञा निघाली: ख्रिस्ती झालेल्या नाडार बायकांना सिरियन ख्रिस्ती आणि मापिळा मुसलमान बायकांसारखा ‘कुप्पायम’, म्हणजे सैलसर बंडी, घालता येईल. खांद्यावरून घ्यायच्या वस्त्राची परवानगी मात्र नव्हती, ते नायर स्त्रियांचं. ही फट पुढे सगळ्या भांडणाचं मूळ ठरली.

चार्ल्स मीड आणि चार्ल्स मॉल्ट हे मिशनरी या सुमारास नागरकोइलला आले. मिशनने शाळा काढल्या, छापखाना घातला. मार्था मॉल्ट यांनी मुलींची निवासी शाळा चालवली आणि 1821 पासून त्या मुलींना लेस विणायला शिकवलं. नागरकोइलची लेस युरोपियन घरांत विकली जाऊ लागली. त्या मुलींमध्ये काही दासांच्या लेकी होत्या. विणकामाच्या कमाईतून त्यांतल्या काहींनी आपली दास्यातून सुटका विकत घेतली. बोटांत सुई आणि समोर अक्षरं अशी नाडार, सांबवर मुलींची एक पिढी तिथे वाढली. मिशनरी बायकांनी सभ्यतेला धरून एक ढगळ बंडी बेतली आणि ती मंडळीतल्या सगळ्या बायकांना दिली.

बंडी त्यांनी घातली, आणि तिच्यावरून खांद्यावर वस्त्रही घेतलं. वरच्या जातींच्या बायका घेतात तसंच.

मिशनऱ्यांनी हे सांगितलेलं नव्हतं. त्यांची काळजी अंग झाकण्याची होती आणि ती बंडीने मिटत होती. बायकांचा प्रश्न अंग झाकण्याने मिटणारा नव्हता. बंडी ही ख्रिस्ती नाडार बाईची वेगळी खूण झाली असती, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, इतकंच. खांद्यावरचं वस्त्र सांगत होतं की पायऱ्याच नकोत. देवापुढे सगळे सारखे हे ज्या उपासनेत त्यांनी ऐकलं होतं, त्या उपासनेला जाताना वाटेवर, बाजारातून, नायरांच्या घरांसमोरून जाताना त्यांनी ते वस्त्र घेतलं. समोरच्यांनाही त्याचा अर्थ बरोबर कळला.

1822 मध्ये कल्कुळम भागात हल्ले सुरू झाले. बाजाराला आलेल्या बायकांना अडवायचं, मारायचं, वस्त्र ओढून फाडायचं. त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. मीड यांनी रेसिडेंटकडे दाद मागितली आणि 1823 मध्ये पद्मनाभपुरमच्या न्यायालयाने ख्रिस्ती बायकांच्या बाजूने निकाल दिला. काही वर्षं शांतता टिकली. 1827 नंतर पुन्हा वणवा पेटला, आता आधीपेक्षा मोठा. देवळं आणि शाळा जाळल्या गेल्या, रविवारी वेठीला न येणाऱ्यांना धरून नेलं, खोटे खटले भरले. नेय्यूरला खुद्द मीड यांच्या जिवावर बेतण्याची वेळ आली आणि उदयगिरीच्या किल्ल्यातल्या लष्करी तुकडीला बंदोबस्ताला यावं लागलं.

3 फेब्रुवारी 1829 रोजी राणी गौरी पार्वती बाई यांच्या सरकारने आज्ञा काढली. नाडार बायकांनी, त्या ख्रिस्ती असल्या तरी, खांद्यावर वस्त्र घेऊ नये. ख्रिस्ती बायकांनी 1814 च्या आज्ञेप्रमाणे बंडी घालावी. रविवार सोडून इतर दिवशी वेठ करावी. परवानगीशिवाय प्रार्थनामंदिर बांधू नये. ही राणी क्रूर नव्हती; तिच्याच कारकिर्दीत मिशनला शेतजमिनीसाठी मदत मिळाली होती. पण तिच्या दरबाराला नाडार स्त्रीचं झाकलेलं अंग चालत होतं, तिचं नायर स्त्रीसारखं दिसणं चालत नव्हतं.

आज्ञा आली तरी वस्त्र उतरलं नाही. पुढची तीस वर्षं गावोगाव ते कमीजास्त दिसत राहिलं. ख्रिस्ती न झालेल्या नाडार बायकाही ते घेऊ लागल्या, आणि ही त्या काळातली माझ्या मते सर्वात मोठी गोष्ट. मंडळीत पेटलेली ठिणगी मंडळीच्या भिंतीबाहेर गेली होती.

त्याच मुलखात स्वामीतोप्पूला 1809 साली जन्मलेले वैकुंड स्वामी हे याचं दुसरं रूप. हेही नाडार. त्यांनी मिशनची वाट धरली नाही, उलट मिशनऱ्यांवर आणि राजावर सारखीच टीका केली. अनुयायांना त्यांनी डोक्याला फेटा बांधायला सांगितलं, एका विहिरीचं पाणी प्यायला लावलं. स्वाती तिरुनाल महाराजांच्या काळात त्यांना तिरुवनंतपुरमच्या तुरुंगात टाकलं गेलं. ख्रिस्ती मंडळीत नाडारांना जो मान मिळाला तो पाहून, त्याच्याशी स्पर्धा करत, त्याच्यापासून वेगळी वाट काढत ही चळवळ उभी राहिली. दोन्हींकडे माणूस मान वर करून चालायला शिकत होता.

मिशनच्या आत मात्र समतेची परीक्षा अवघड जात होती. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला विधुर झालेल्या मीड यांनी परैयर मूळ असलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलीशी लग्न केलं. ते त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांना रुचलं नाही. मीड लंडन मिशनरी सोसायटीतून बाहेर पडले आणि पुढे संस्थानच्या शाळांचं काम पाहू लागले. ज्या माणसाने तीसहून अधिक वर्षं त्या लोकांमध्ये काढली, त्याला आपल्याच माणसांकडून हे सोसावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

1855 मध्ये उत्रम तिरुनाल महाराजांनी त्रावणकोरातली गुलामी रद्द केली. जमीनदारांच्या हातातली फुकटची माणसं गेली. 1858 च्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला आणि सरकार कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, या आश्वासनाचा त्रावणकोरातल्या उच्च जातींनी आपल्या सोयीचा अर्थ लावला: आता नाडारांना कुणी वाली नाही. त्याच्या थोडं आधीच पारश्शालाच्या बाजूला दंगे सुरू झाले होते. ते नागरकोइलकडे पसरले.

या घटकेला त्रावणकोरचे दिवाण होते टी. माधवराव. पुढे इंदूर आणि बडोद्याचं दिवाणपद भूषवणारे, सयाजीरावांच्या कोवळ्या वयात बडोद्याचा कारभार सावरणारे तेच माधवराव. तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले, तेव्हा जेमतेम तिशीचे आणि नुकतेच पदावर आलेले. डिसेंबर 1858 च्या अखेरीस त्यांनी जाहीरनामा काढला. जुना रिवाज सरकार बदलत नाही तोवर नाडारांनी तो मोडू नये आणि इतरांनी कायदा हातात घेऊ नये, असा त्याचा रोख होता. हेतू शांततेचा असेल. परिणाम उलटा झाला. पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं, दुसरं कुणी मनावर घेतलं नाही. जानेवारी 1859 मध्ये बायकांवर पुन्हा हात पडले, घरं लुटली गेली, देवळं आणि शाळा पेटल्या. माधवरावांची पुढची कारकीर्द मला आदरणीय वाटते, पण या ठिकाणी ते कमी पडले.

मिशनऱ्यांनी महाराजांकडे अर्ज केला. रेसिडेंट जनरल कलन बरीच वर्षं दरबाराच्या बाजूने झुकलेले होते. त्यांच्याकडून फारसं काही झालं नाही, म्हणून गाऱ्हाणं मद्रासला गेलं. तिथे नवे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी रेसिडेंटला खडसावून लिहिलं. ब्रिटिश अधिकाराच्या दडपणाशिवाय त्या वर्षी आज्ञा निघाली नसती, हे मान्य करायला हवं. पण दडपण आणायला आधी प्रश्न शिल्लक राहावा लागतो. 1829 च्या आज्ञेनंतर नाडार बायकांनी वस्त्र गुपचूप घडी घालून ठेवलं असतं, तर तीस वर्षांनी ट्रेव्हेलियनसमोर कागदच आला नसता.

26 जुलैची आज्ञा ख्रिस्ती आणि हिंदू सगळ्याच नाडार बायकांसाठी होती. तिच्यातली शेवटची अट, वरच्या जातींसारखं वस्त्र न घेण्याची, कागदावर राहिली. बायकांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. 1865 मध्ये ही मुभा इतर खालच्या मानलेल्या जातींनाही मिळाली. ख्रिस्ती मंडळीशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य बायका आता अंगावर हवं ते घेऊ शकत होत्या.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत या समाजाची वाटचाल थक्क करणारी आहे. नागरकोइलच्या मिशन शाळेतून पुढे स्कॉट ख्रिश्चन कॉलेज झालं, नेय्यूरचं रुग्णालय वाढलं. वकील, शिक्षक, डॉक्टर नाडार घरांतून निघाले. कन्याकुमारीचा तमिळ मुलूख 1956 मध्ये मद्रास राज्यात गेला, त्या लढ्याचे नेते मार्शल नेसमणी हे नाडार ख्रिस्ती वकील. सगळं सरळ झालं नाही. नाडार ख्रिस्ती आणि सांबवर ख्रिस्ती यांच्यातली दरी मंडळीतही टिकून राहिली. वेदमाणिक्कमच्या जातीच्या माणसांना, ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं, नाडारांकडून तोच अनुभव आला जो नाडारांना नायरांकडून आला होता. खांद्यावरच्या वस्त्राची ही हकीकत सीबीएसईच्या नववीच्या इतिहासात होती. 2016 साली तो भाग अभ्यासक्रमातून वगळला गेला. मुलांनी तो वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं, दरीच्या या कबुलीसकट.

एक प्रकरण राहिलं. शेजारच्या तिरुनेलवेलीत रॉबर्ट कॉल्डवेल या मिशनऱ्याने 1849 मध्ये शानारांवर एक पुस्तक लिहिलं. द्राविडी भाषांचा हा मोठा अभ्यासक, पुढे बिशप झाला. त्याने त्या लोकांसाठी आयुष्य वेचलं. पण पुस्तकात त्याने त्यांचं वर्णन मंद बुद्धीचे आणि हीन अवस्थेतले असं केलं होतं. ते इंग्लंडमधल्या वर्गणीदारांसाठी होतं. ज्यांच्याबद्दल लिहिलं ते कधी वाचतील, असं त्याच्या मनात आलं नसावं. 1880 च्या दशकात शिकलेल्या नाडारांनी ते वाचलं. त्यांनी बिशपविरुद्ध पत्रकं छापली, तक्रारी लिहिल्या आणि थेट इंग्लंडला धाडल्या. आमची बुद्धी, आमचा इतिहास, आमचं स्थान दुसऱ्याने ठरवायचं नाही, मग तो आम्हाला बाप्तिस्मा देणारा का असेना, हे त्यांनी मिशनच्याच शाळांत शिकलेल्या अक्षरांत त्याला कळवलं.